कवळी चारच्या आत

सकाळी साडेदहा वाजता मावशीची कवळी आणि मी विमानातून उतरलो. कवळी स्टीलच्या डबीत होती, डबी रुमालात, रुमाल पिशवीत आणि पिशवी मी छातीशी धरली होती. मावशी स्वतः ताईबरोबर गाडीने आधीच या शहरात येऊन राहिली होती. दात तेवढे आमच्या बेसिनवरच्या पेल्यात मागे राहिले होते.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. आमच्याकडे महत्त्वाचं आधी सांगायची पद्धत आहे, म्हणून सांगतो. या शहराच्या मेट्रोत ‘पुढील स्थानक अमुक, दरवाजे डावीकडे उघडतील’ असं जी बाई सांगते, ती माझी मावशी. मेट्रो सुरू झाली तेव्हा मावशी तिथल्या तिकीट कचेरीत होती. कुणीतरी तिला माइकसमोर बसवलं, तिने स्थानकांची नावं म्हटली आणि परत जाऊन तिकिटं दिली. निवृत्तीनंतर ती माझ्याकडे राहायला आली. आता मार्ग वाढलाय, नवी स्थानकं उघडली आहेत, आणि त्यांची नावं म्हणायला कंपनीला संगणकाचा आवाज आयता मिळतोय. तो घेतला तर सगळ्याच स्थानकांना तोच. म्हणजे मावशी गाडीतून कायमची उतरणार. कुणा भल्या अधिकाऱ्याने म्हटलं, बाई आहेत ना अजून, मग आधी त्यांना बोलावून बघा. मावशीला वेळ मिळाली दुपारी चारची. ती आली नाही, किंवा तिला जमलं नाही, तर लगेच त्याच खोलीत संगणकाच्या आवाजावर शिक्का.

आणि दात बेसिनवर. ‘स्थानक’ हा शब्द दातांशिवाय म्हणून पाहा. व्याकरणात ज्यांना दंत्य म्हणतात, त्यांतले तीन या एकाच शब्दात भाड्याने राहायला आलेत. मावशीने ताईच्या फोनवरून मला परिस्थिती सांगितली. एक अक्षर कळलं नाही, पण परिस्थिती पूर्ण समजली.

आधी मी कुरियरवाल्याकडे गेलो. त्याने डबी उघडली, बंद केली आणि म्हणाला, “शरीराचे भाग आम्ही घेत नाही.” मग विमानाचं तिकीट काढावं लागलं, आणि ती बातमी मी जिना चढून घरी पोचायच्या आत गच्चीपर्यंत गेली होती.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी डबीकडे पाहून म्हणाले, “दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात. तुमच्या मावशींना चणे मिळाले आणि दात नाहीत.” मग हसू आवरून त्यांनी गंभीर सल्ला दिला: “विमानतळावरून टॅक्सी करू नका. गावभर फिरवतात.” ते स्वतः या शहरात कधी आलेले नाहीत, पण त्यांचा साडू आला होता आणि त्याला गावभर फिरवलं होतं. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले, “मेट्रो. डोळे मिटून मेट्रो.” त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “कवळी कोरडी ठेवू नका हो भाऊ, वाकडी होते. पाण्यात ठेवा.” एवढ्या सल्ल्यांतला हा एकच मी विचार न करता पाळला, आणि तिथेच माशी शिंकली.

विमानात चढण्याआधीच्या तपासणीत जवानाने डबी हलवली. डबी डचमळली.

“काय आहे?”

“पाणी.”

“पाण्यात?”

“दात.”

“कुणाचे?”

“मावशीचे.”

“आणि मावशी कुठे आहेत?”

“त्या पुढे गेल्या.”

जवानाचा चेहरा बदलला. त्याने आवाज खाली आणला. “काय वय होतं?”

“अठ्ठ्याहत्तर,” मी म्हणालो, आणि चुकीचा काळ खपवून घ्यायची सवय नसल्यामुळे पुढे म्हणालो, “होतं नाही. आहे.”

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. जवान हसला नाही. त्याने पाणी ओतून टाकलं, कुठून तरी कागदी रुमाल आणला, भिजवून पिळला, कवळीभोवती गुंडाळला आणि डबी माझ्या हातात दिली. “ओला कागद पुरतो,” तो म्हणाला. “आमच्या वडिलांची आम्ही अशीच न्यायचो.” मी आभार मानायला तोंड उघडलं तोवर पुढच्या माणसाचा पट्टा काढायची वेळ आली होती.

इथे दाजींबद्दल सांगायला हवं. दाजी म्हणजे ताईचे यजमान. आदल्या दिवशी मी त्यांना फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “दाजी, तुम्ही विमानतळावर येऊ नका. मी माझा येतो.” ते म्हणाले, “बरं बरं.” आमच्या धंद्यात ‘नाही’ म्हटलं की नाही असतं. दाजींचा धंदा वेगळा आहे. ते पाणीपुरवठा खात्यात आहेत.

तर साडेदहाला उतरलो. चारपर्यंत पुष्कळ वेळ होता. एवढ्या वेळात आम्ही आख्खं पान पाडून नवं लावतो. पण एक शिस्त मला नडली. कुठलीही माहिती दोन स्वतंत्र सूत्रांकडून पडताळल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, मेट्रो दुसऱ्या इमारतीखाली आहे, पिवळी बस नेते, फुकट असते. मी हातात पुष्पगुच्छ घेतलेल्या एका गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, पिवळी नाही, निळी. दोन सूत्रं, दोन रंग. तिसरं सूत्र म्हणून मी सरळ एका वैमानिकालाच गाठलं. तो म्हणाला, “मला खरंच माहीत नाही. आम्हाला न्यायला गाडी येते.”

मी पिवळ्या बसमध्ये बसलो आणि खिडकीतून निळ्या बसवर लक्ष ठेवलं. निळी वेगळीकडे वळली. शंका आली. मेट्रोची पाटी दिसली खरी, पण पाटी जुनी असू शकते, म्हणून मी उतरलो नाही. बस फिरून पुन्हा मूळ जागी आली. पुन्हा निघाली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

“काका, जायचंय कुठे?”

“मेट्रोला.”

“मग मघाशी उतरला का नाही?”

“खात्री करत होतो.”

त्याने पुढच्या फेरीला बस थांब्यावर न थांबवता थेट जिन्यापाशी लावली, स्वतः खाली उतरला आणि बोट दाखवलं. “हा जिना. आता आणखी कुणाला विचारू नका.” मागे बसलेल्या लोकांनी यावर टाळ्या वाजवल्या. माझ्या प्रतिष्ठेला लागलं, हे नाकारत नाही. पण दुसऱ्याच्या गोंधळासाठी कोण आपली बस आडवाटेला लावतो आजकाल.

मेट्रोत जागा मिळाली. दार मिटलं, आणि मावशी बोलली.

हा आवाज ऐकण्याचं मला काही नवल नाही. घरात हाच आवाज मला दिवे विझवायला सांगतो. पण परक्या शहरात, अनोळखी लोकांच्या डोक्यांवरून, तीच मावशी जेव्हा शांतपणे म्हणाली, “पुढील स्थानक, पाण्याची टाकी,” तेव्हा मी उगाचच सावरून बसलो. आवाजात तेव्हाचे तिचे स्वतःचे दात होते. मला कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना.

“ही माझी मावशी,” मी शेजारच्या बाईंना म्हणालो.

त्यांनी डब्यात इकडेतिकडे पाहिलं. “कुठल्या?”

“ही बोलतेय ती.”

त्यांनी पर्स जवळ ओढली. “बरं.”

“खरंच सांगतो. तिचे दात माझ्याजवळ आहेत.”

हे वाक्य संपादित व्हायला हवं होतं. बाई पुढच्याच स्थानकावर उतरल्या. त्यांना तिथेच उतरायचं असणार, असं मी धरून चालतो.

मला उतरायचं होतं ते स्थानक मेट्रोच्या मुख्य कचेरीजवळचं. मी मात्र निश्चिंत होतो. प्रत्येक स्थानक आलं की मावशी सांगत होती. पाट्या वाचायची, नकाशा बघायची, कुणाला विचारायची गरजच नव्हती. घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर दुसरं सूत्र कशाला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका सूत्रावर विसंबलो आणि डबी मांडीवर घेऊन बाहेर बघत बसलो.

मग मावशी गप्प झाली. गाडी थांबली, दारं उघडली, माणसं उतरली, दारं मिटली. मी वाट पाहिली. मावशी काही बोलली नाही, म्हणजे आपलं आलेलं नाही. पुन्हा तसंच. पुन्हा तसंच. डबा रिकामा झाला. मला वाटलं, किती मोकळं शहर आहे. दिवे गेले, गाडी वळली आणि एका प्रचंड शेडमध्ये जाऊन उभी राहिली. तिथे दुसऱ्या गाड्या उभ्या होत्या आणि एकीला माणसं धूत होती.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. माझं स्थानक नव्यांपैकी होतं, आणि नव्या स्थानकांची नावं मावशीने अजून म्हटलेलीच नव्हती. ती म्हणता यावीत म्हणूनच तर मी दात घेऊन निघालो होतो, आणि ती तिने म्हणावीत म्हणून दात मांडीवर घेऊन वाट बघत बसलो होतो.

हेल्मेट घातलेले एक पर्यवेक्षक आले.

“तुम्ही इथे कसे?”

“गाडीने.”

“इथे प्रवासी येत नाहीत.”

“मी आलोय.”

“म्हणजे तुम्ही प्रवासी नाही,” ते विचारपूर्वक म्हणाले. “अभ्यागत असाल तर आत येण्याचा पास दाखवा. तो परत घेतल्याशिवाय बाहेर जायचा पास देता येत नाही.”

“पण मी पास घेऊन आलोच नाही.”

“तीच तर अडचण आहे.”

माणूस वाईट नव्हता. त्याच्यापुढे खरोखरच प्रश्न होता. मी शेवटी डबी उघडली आणि सगळं सांगितलं. त्यांनी हेल्मेट काढलं. “त्या बाई? ‘कृपया दाराला टेकून उभे राहू नका’ वाल्या?” मी मान हलवली. त्यांनी जेवायला बसलेल्यांना हाक मारली. चौघं-पाचजण हात न धुताच आले आणि डबीत वाकून पाहू लागले. एक म्हणाला, “आमची धाकटी त्यांची नक्कल करते. तिच्या आईला सांगते, पुढील स्थानक स्वयंपाकघर.” दुसरा म्हणाला, “आम्ही इथे गाड्या तपासतो ना, रिकाम्या गाडीत दिवसभर ह्याच सोबतीला असतात.” तिसऱ्याने न विचारता मला आपला डबा खायला लावला. तोवर पर्यवेक्षकांनी माझा आत यायचा पास तयार केला, मी तो त्यांना परत केला आणि त्यांनी मला बाहेर जायचा पास दिला. कायदा शाबूत राहिला.

एवढ्यात ताईचा फोन.

“कुठे आहेस?”

“गाड्या धुतात तिथे.”

“का?” या एका अक्षरात तिने माझी सगळी कारकीर्द बसवली. “आणि हे तुला घ्यायला विमानतळावर उभे आहेत सकाळपासून.”

“मी येऊ नका म्हटलं होतं.”

“येऊ नका म्हटलं म्हणून कुणी यायचं थांबतं का? घरचं माणूस नकोच म्हणतं.”

“ताई, मी खरंच नको म्हटलं होतं.”

“ते त्यांना कसं कळणार?”

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे.

“आता हलू नकोस,” ती म्हणाली. “शेवटच्या स्थानकावर थांब. हे येताहेत तिकडे.”

“पण मेट्रोने मागे दोन-तीन स्थानकं—”

“हलू नकोस म्हटलं ना. इतका वेळ उभे राहिलेत ते. तू परत त्यांना चुकवलंस तर मला ऐकून घ्यावं लागेल जन्मभर.”

पर्यवेक्षकांनी मला शेवटच्या स्थानकावर सोडलं आणि मी वर फलाटाजवळ थांबलो. दाजी गाडी चालवताना फोन उचलत नाहीत. तत्त्व आहे त्यांचं. बराच वेळ झाला, तेव्हा म्हटलं खाली डोकावून बघावं. मी सरकत्या जिन्याने खाली निघालो आणि शेजारच्या सरकत्या जिन्याने दाजी वर निघाले. अर्ध्यावर आम्ही समोरासमोर आलो. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचा मोठा फलक होता.

“थांब, मी आलो,” दाजी म्हणाले.

“तुम्ही थांबा, मीच येतो,” मी म्हणालो.

मी खाली पोचून वर जाणाऱ्या जिन्यावर चढलो. ते वर पोचून खाली जाणाऱ्या जिन्यावर आले. पुन्हा भेट झाली, जवळजवळ त्याच ठिकाणी. “अरे, थांब म्हटलं ना,” ते म्हणाले. म्हणून मी वर थांबलो. मी सांगितलं होतं म्हणून ते खाली थांबले. मग मला वाटलं की वडीलमाणूस खाली ताटकळतंय, हे बरं नाही. त्यांना वाटलं, पाहुणा वर एकटा उभा आहे. तिसऱ्या भेटीच्या वेळी खाली उभ्या असलेल्या पोलिसाने माझा दंड धरला आणि दाजी येईपर्यंत सोडला नाही. त्यालाही धन्यवाद.

फलकावर दाजींनी स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, माझं नाव लिहिलं होतं आणि खाली ‘प्रसिद्ध पत्रकार’.

“दाजी, मी प्रसिद्ध नाही.”

“विमानतळावर असंच लिहितात,” ते म्हणाले. “एकजण येऊन फोटो काढून गेला.”

दाजींनी रजा टाकली होती. गाडी धुतली होती. मागच्या सीटवर माझ्यासाठी उशी ठेवली होती. सकाळपासून हा फलक डोक्यावर धरून ते उभे होते, आणि मी तिथेच, हाकेच्या अंतरावर, पिवळ्या बसमधून गोल फिरत होतो. बसमधून मला तो दिसलाही असेल. पण स्वतःच्या नावाखाली ‘प्रसिद्ध’ असेल तर माणूस ते आपलं म्हणून कसं वाचणार.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “हे वाचनालय. हे आमचं जुनं ऑफिस, ती तिसरी खिडकी. हा पूल बघ, नवा आहे.”

“दाजी, चार वाजता—”

“माहितीय रे. वाटेतच तळं आहे. एवढा विमानाने आलायस, तळं न बघता जाणार?”

तळं सुंदर आहे. मी अगदी मनापासून सांगतो, कारण त्याच्या काठावर आमची गाडी इतका वेळ अडकली की मी ते सर्व बाजूंनी पाहिलं. पुढे कुठलीतरी पाइपलाइन फुटली होती. दाजींनी रस्त्यावरच्या पाण्याकडे पाहिलं आणि अत्यंत दुखावल्या आवाजात म्हणाले, “हे आमच्याच खात्याचं.” मग माझ्याकडे वळले. “तू पळ. ती समोर दिसतेय ती इमारत. मी गाडी लावून आलो.”

मी पळालो. माझ्या वयाचा आणि पोटाचा माणूस छातीशी पिशवी धरून पळतो तेव्हा लोक बाजूला होतात, हा शोध मला त्या दिवशी लागला.

फाटकावर अडलो. कलाकाराबरोबर एकालाच आत सोडतात, आणि ते एक माणूस म्हणून ताई आधीच आत गेली होती. “वस्तू द्यायची असेल तर आवक विभागात,” पहारेकरी म्हणाला. आवक विभागात चष्मा लावलेल्या एक बाई होत्या.

“काय वस्तू?”

“कवळी.”

“नग?”

“एक.”

त्यांनी डबी उघडून पाहिली. “ह्या दोन आहेत. वरची आणि खालची.”

“एक जोडी.”

“मग जोडी एक, नग दोन. परत जाणार की इथेच राहणार?”

“मावशीबरोबर बाहेर जाईल.”

“म्हणजे त्या दातांशिवाय आत आल्या आणि दातांसकट बाहेर जाणार.” त्यांनी पेन टेकवलं. “फाटकावर मेळ कसा बसायचा?”

मी नुसतं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग त्या उठल्या, डबी उचलली, “कलाकाराचं साहित्य म्हणून नेते मी,” म्हणाल्या आणि मलाही खुणेने मागे बोलावलं. त्या भराभर जिना चढल्या. दारापाशी फक्त म्हणाल्या, “मी रोज ह्यांच्याच मेट्रोने येते.”

मावशी बाकावर ताईशेजारी तोंडाला रुमाल लावून बसली होती. समोरच्या बाकावर संगणकाच्या आवाजाच्या कंपनीचा एक तरुण मांडीवर लॅपटॉप घेऊन होता, टाय लावलेला, अगदी सभ्य. मावशीने डबी घेतली, भिंतीकडे तोंड केलं, आणि वळली तेव्हा ती मावशी झाली होती.

“माझा पेला कुठाय?” ती म्हणाली.

एवढंच. मी विमान, बस, मेट्रो, शेड, जिना आणि तळं यांतून आलो होतो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आपल्या रुमालाने माझं कपाळ पुसलं, आणि दार उघडून आत गेली.

हे मी त्या दारासमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे. आत मावशी, तांत्रिक काम बघणारी मुलगी आणि निर्णय देणारे साहेब आहेत. बाहेर काही ऐकू येत नाही, खोली तशीच बांधलेली आहे. दाराला वर एक काच आहे. तिथपर्यंत फक्त दाजींची मान पोचते. ते गाडी लावून मागून आले; फलकावरचं ‘प्रसिद्ध पत्रकार’ वाचून पहारेकऱ्याने त्यांनाही आत सोडलं. आता फलक बगलेत धरून टाचा उंच करून उभे आहेत.

“काय चाललंय?” ताईने विचारलं.

“मावशी बोलतायत.”

“आणि साहेब?”

“मोबाइल बघतायत.”

ताईने डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने दाजी म्हणाले, “साहेबांनी मोबाइल पालथा ठेवला.” मग म्हणाले, “मावशी थांबल्या. पाणी प्यायल्या. साहेब काहीतरी सांगतायत.”

“काय सांगतायत?”

“ऐकू कुठे येतंय. मावशींनी मान हलवली.”

“हो म्हणून की नाही म्हणून?”

“नुसती हलवली.”

समोरच्या तरुणाने लॅपटॉप बाकावर ठेवला आणि तो दाजींजवळ आला. “काका, जरा मी बघू?” दाजींनी बाजूला होऊन त्याला जागा दिली. तो काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिला.

“त्यांनी कागद परत पहिल्या पानावर नेलाय,” तो म्हणाला. “सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणतायत.”

हे चांगलं की वाईट, यावर ताईचं आणि दाजींचं एकमत झालेलं नाही. तरुणाला विचारलं, तर तो म्हणाला, सांगता येत नाही, पण साहेबांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आहे. तो अजून काचेपाशीच उभा आहे. दारावरचा ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा चालू आहे.